मदत हवी आहे: जुन्या तबकडीवरच्या गायिकेची खरी पट्टी कशी काढायची?

खर्जपंचम

नमस्कार मंडळी,

सांगलीत राहते, संगीतात एम.ए. करतेय. मायक्रोफोन येण्याआधीच्या गायिका कोणत्या पट्टीत गायच्या, हा माझ्या प्रबंधाचा विषय. आजोबांच्या ट्रंकेत लाखेच्या चाळीसेक तबकड्या निघाल्या आणि त्यांच्यावरच काम करायचं ठरवलं. सगळ्या भोंग्याच्या काळातल्या, म्हणजे १९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं त्याच्या आधीच्या. तेव्हा गाणाऱ्यानं भोंग्याच्या तोंडाशी उभं राहून खड्या आवाजात गायचं आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुईनं मेणात खाच कोरायची.

अडचण वेगाची आहे. या तबकड्यांना आपण सरसकट ‘७८च्या’ म्हणतो, पण त्या काळात यंत्र मिनिटाला ७० फेऱ्यांपासून ८०च्या वरपर्यंत कुठेही फिरवत. एका तबकडीवर राग दरबारी आहे. ती ७८ वर वाजवली की षड्ज २१३ हर्ट्झ येतो. पेटीची काळी चार ही पट्टी म्हणजे २०७.६५ आणि पांढरी सहा म्हणजे २२०, हा षड्ज दोन्हींच्या मधे लोंबकळतो. ७६ फेऱ्या धरल्या तर तो बरोबर काळी चारवर बसतो, साडेऐंशी धरल्या तर पांढरी सहावर. मग बाई कुठे गात होत्या? विभागात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘७८ लिही आणि पुढे जा.’ ते मला पटत नाही. वेगच माहीत नसेल तर पट्टीबद्दल केलेल्या विधानाला काय अर्थ?

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. कोमल गंधाराचा आलेख काढला तर त्यावर सुंदर, नियमित लाट दिसते. मी आनंदानं ‘आंदोलन’ (गाणाऱ्यानं स्वर संथ झुलवणं) म्हणून नोंद केली. मग लक्षात आलं की ही लाट दर ०.७७ सेकंदाला येते, अगदी घड्याळासारखी. हे आंदोलन आहे की तबकडीचं काही?

आतापर्यंत केलेलं: जाड खाचेसाठीची ३ मिलची (इंचाचे तीन हजारांश) सुई वापरली आहे (एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासते). ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. स्वर ‘प्राट’ या ध्वनी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजले. तबकड्या पुसायला स्पिरिट वापरलेलं नाही, लाख विरघळते हे माहीत आहे. टर्नटेबलचा वेग कागदाची खूण लावून मोजला, १०० फेऱ्यांना ७६.९ सेकंद लागले, म्हणजे माझं यंत्र तरी ७८ वरच आहे.

गायिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधी मोजमाप पक्कं होऊ दे.

रेडिओवाला

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. मिनिटाला ७८ म्हणजे एका फेरीला ०.७७ सेकंद. तबकडीचं भोक बरोबर मध्यावर नसलं की दर फेरीला सूर एकदा चढतो, एकदा उतरतो. खात्री करायची तर लाटेची उंची बघा. भोक एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर बाहेरच्या कडेला, साधारण १२० मिलिमीटर त्रिज्येवर, सूर वर-खाली १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलेल, आणि आत ५० मिलिमीटरवर ३४ सेंट. गाणं पुढे सरकेल तशी लाट मोठी होत गेली तर ती भोकाची. गायिकेचं आंदोलन असं त्रिज्या बघून वाढत नाही.

उपाय सोपा आहे. तबकडीखाली जाड रबरी चकत्या घालून ती मधल्या दांड्याच्या टोकाच्या वर येऊ द्या. मग बोटानं हळूहळू सरकवा, सुईचा हात डोलायचा थांबेपर्यंत. भोक कोरून मोठं करायच्या फंदात मात्र पडू नका.

मध्यलय

विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मोजून वेग काढता येतो असं वाचलं होतं. करून बघा.

रेडिओवाला

भोंग्याच्या तबकडीत ती सापडणार नाही, तिथे वीज नव्हतीच. आलेखावर ५० ला रेघ दिसली तर ती घरच्या वायरिंगची समजा. सुई उचलून नुसती शांतता रेकॉर्ड करा, रेघ तिथेही दिसेल.

जुनी पेटी

साथीला पेटी आहे का? असेल तर सूर तिचा धरा, गळ्याचा नको. गायिका श्वास घेते तेवढ्या जागा निवडा, पेटीचे पाच-सहा वेगवेगळे स्वर मोजा आणि सरासरी काढा. एकच स्वर धरू नका, जुन्या पेटीतल्या एखाद्या रीडवर भरवसा नसतो.

पण एक पाचर आहे. तेव्हाच्या कित्येक पेट्यांचे रीड फ्रान्सचे असत आणि तिथला ठरलेला सूर (वरच्या सप्तकातली पांढरी सहा) १८५९ पासून ४३५ हर्ट्झ होता, आजच्यासारखा ४४० नव्हे. दोन्हींत सुमारे २० सेंटचा फरक. ४३५ धरलं तर तुमची काळी चार ७५.२ फेऱ्यांवर येते आणि पांढरी सहा ७९.६ वर. म्हणजे उत्तरं दोनाची चार झाली. मी तुमच्या जागी असतो तर प्रबंधात चारही लिहिली असती.

खर्जपंचम

काका, पेटी आहे! भोंग्यात दबलेली, पण ऐकू येते. आज रात्रीच मोजते.

नादकाटा

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं विषयांतर. पॅरिसच्या स्कॉट द मार्टिनव्हिलनं १८६० साली काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ काढली, आणि शेजारीच नादकाट्याच्या (ट्यूनिंग फोर्क) कंपनांचीही. यंत्र हातानं फिरवायचं, त्यामुळे वेग सारखा बदलायचा, पण काट्याच्या रेघेवरून तो क्षणाक्षणाला दुरुस्त करता आला. २००८ मध्ये संशोधकांनी त्या कागदातून गाणं ऐकवलं ते यामुळेच. गंमत अशी, की काट्याच्या नोंदीचा अर्थ आधी चुकला, गाणं दुप्पट वेगानं वाजलं आणि आवाज मुलीचा वाटला. दुरुस्त केल्यावर तो पुरुषाचा निघाला, बहुधा खुद्द स्कॉटचा.

बर्लिनच्या ध्वनिसंग्रहातले हॉर्नबॉस्टेल आणि अब्राहमही ध्वनिमुद्रणाच्या मेणाच्या सिलिंडरच्या सुरुवातीला ४३५ची शिट्टी फुंकून घ्यायला सांगत. शास्त्रज्ञांनी मोजपट्टी आवाजाबरोबरच नोंदवली. गाणी विकणाऱ्यांना तिची गरज नव्हती. तुमच्या तबकडीवर पेटी हीच ती शिट्टी, फक्त कुणी ठरवून वाजवलेली नाही.

खर्जपंचम

चार दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

पेटीच्या पंचमावरही तीच ०.७७ सेकंदांची लाट आहे. पेटी आंदोलन कशी घेईल! आणि आतल्या बाजूला लाट मोठी होत जाते, रेडिओवाला म्हणाले तशीच. तबकडी मध्यावर आणून पुन्हा वाजवली तर पेटी सरळ झाली. गंधारावर मात्र एक संथ हेलकावा उरला, दर वेळी वेगळ्या लांबीचा. हा बाईंचा. कितीदा ऐकला सांगता येणार नाही.

पट्टीचं अजून सुटलेलं नाही. पेटीचे सहा स्वर जुळतात, पण काळी चार आणि पांढरी सहा यांतलं एक निवडायला तेवढं पुरत नाही. इथे सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुती (सप्तकातले सूक्ष्म स्वर) मोजल्या तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेब समोर बसून गात होते. माझ्यापुढे फक्त तबकडी आहे.

म्हणून आता एक विनंती. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत मातृकेचा (ज्या साच्यावरून तबकडी छापली त्याचा, मॅट्रिक्स) नंबर कोरलेला असतो. लागोपाठचे नंबर बहुधा एकाच बैठकीतले, म्हणजे पेटीही तीच असण्याची शक्यता मोठी. त्याच बैठकीतल्या दुसऱ्या कुणाचा सूर इतर ठिकाणाहून पक्का माहीत असेल तर माझा गुंता सुटेल. कुणाकडे त्या काळातल्या, पेटीची साथ असलेल्या तबकड्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी माझा नंबर कळवते. पूर्ण गाणं नको, नुसत्या पेटीचे दहा सेकंद पुरतील. आणि तुमचं टर्नटेबल १०० फेऱ्यांना किती सेकंद घेतं, तेही लिहा.