जुन्या गाडीचं पॉवर स्टीअरिंग गळतंय : रॅक बदलण्याआधी काय तपासू?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी जुनी आहे, मॅन्युअल गिअरची. स्टीअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे बेल्टवर फिरणारा पंप आणि तेलाची बाटली असलेलं. गेले काही आठवडे बाटलीतलं तेल कमी होतंय. भरलं की थोडे दिवस बरं, मग पातळी पुन्हा खालच्या रेषेच्या खाली. थंड इंजिनवर स्टीअरिंग वळवलं की पुढून कण्हल्यासारखा आवाज येतो, गाडी तापली की तो कमी होतो. उभ्या गाडीत चाकं वळवताना स्टीअरिंग मध्येच जड लागतं. वेगात असताना फरक कळत नाही.

गाडी लिफ्टवर घेऊन पाहिली तर रॅक (स्टीअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा आडवा दांडा आणि त्याची नळी) जवळजवळ सगळा ओला, वर धुळीचा चिकट थर. गॅरेजमध्ये सांगितलं की रॅक गेला, पूर्ण बदलावा लागेल. तसं असेलही. पण रॅक हा या सगळ्यातला सर्वांत खालचा भाग. वर कुठेही गळलं तरी तेल ओघळून त्याच्यावरच येणार, हे डोक्यातून जात नाही. एवढं मोठं काम काढण्याआधी गळती नक्की कुठली हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. ते घरच्या घरी कसं करावं?

दुसरं, तोवर गाडी चालवावी का? घरात वडीलही ही गाडी चालवतात. वळणावर स्टीअरिंग एकदम जड झालं तर त्यांच्या हातांना झेपेल का, ही माझी खरी काळजी आहे. आणि बाटलीत ओतायचं ‘स्टॉप लीक’ मिळतं, त्याचा कुणाला चांगला अनुभव आहे का?

प्रतिसाद १

तुमची शंका अगदी रास्त आहे. ओला रॅक म्हणजे गळका रॅक नव्हे. आधी तो भाग डीग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) मारून पूर्ण धुऊन घ्या आणि वाळू द्या. पंप, बेल्ट, पाइपचे जोड, रॅक, सगळं. मळलेल्या भागावर गळती शोधणं व्यर्थ आहे. पाण्याचा जोरदार फवारा अल्टरनेटरवर आणि विजेच्या जोडण्यांवर जाऊ देऊ नका.

मग बाटली योग्य रेषेपर्यंत भरा, इंजिन चालू करा आणि कुणाला तरी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन पाहा. हात आणि सैल कपडे बेल्टपासून लांब. गाडी वर घेतली असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावाच. इंजिन बंद केल्यावर प्रत्येक जोडावर कोरा टिश्यू पेपर दाबून बघा. पहिला डाग वरच्या जोडावर उमटला तर उगम तिथे आहे, खालचं सगळं नुसतं ओघळ.

सर्वांत आधी पंपाकडून रॅककडे जाणारा प्रेशर पाइप बघा. टायरमध्ये २ ते २.५ बार हवा असते. स्टीअरिंग टोकाला नेलं की या पाइपमधला दाब ७०-८० बारच्याही वर जातो. वर्षानुवर्षं इंजिनची उष्णता खाऊन रबर कडक होतं आणि जिथे रबर धातूच्या टोकात दाबून बसवलेलं असतं, त्या क्रिंपमधून तेल झिरपायला लागतं. इंजिन बंद असताना हे दिसत नाही, दाब आला की दिसतं. परतीच्या पाइपला दाब कमी असतो, तिथे बहुतेकदा क्लॅम्प सैल असतो किंवा पाइपचं टोक चिरलेलं असतं.

आता रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात. बूटचा आतला क्लॅम्प सोडून कड थोडी मागे सारा. आत कोरडं असेल, फार तर थोडं ग्रीस असेल, तर रॅकच्या टोकाची सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) शाबूत आहेत. तेल बाहेर आलं तर मात्र गॅरेजवाल्यांचं बरोबर. बूट फाटलेला आहे का हेही पाहा, कारण फाटक्या बूटमधून पाणी आणि माती जाते, रॅकचा दांडा गंजतो आणि तो गंज सील कापतो. नुसती नवी सील टाकून मग उपयोग होत नाही. ड्रायव्हरच्या पायाशी, स्टीअरिंगचा दांडा खाली जातो तिथे ओल असेल तर पिनियनच्या (रॅकला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) वरच्या सीलवर संशय घ्या.

प्रतिसाद २

आवाजाबद्दल एक. बाटलीचं झाकण उघडून तेलावर फेस आहे का पाहा. बाटलीतून पंपाकडे जाणारा पाइप ओढीचा असतो, म्हणजे पंप त्यातून तेल ओढून घेतो. त्याचा जोड किंवा ओ-रिंग (जोडातली गोल रबरी कडी) कडक झाली की बाहेर फारसं गळत नाही, पण हवा आत ओढली जाते. थंडीत जास्त आवाज आणि तापल्यावर कमी, हे त्याच्याशी जुळतं. काही बाटल्यांच्या तळाला जाळी असते, तीही गाळाने बुजते.

तेल कोणतं हे झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये वाचा. काही गाड्यांना लाल डेक्सरॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काहींना हिरवं सिंथेटिक, काही कंपन्यांचं वेगळंच असतं. मिसळू नका. आणि ब्रेक ऑइल चुकूनही नको, सगळी सील फुगून निकामी होतील.

प्रतिसाद ३

स्टॉप लीक रबर फुगवतं आणि मऊ करतं. सील नुसतं सुकलं असेल तर काही काळ झिरपणं कमी होतं. चिरलेला पाइप किंवा गंजलेला दांडा त्याने बरा होत नाही. लांबच्या गावी अडकलात तर ठीक, इलाज म्हणून मी ते माझ्या गाडीत घालणार नाही.

चालवण्याबद्दल: तेल संपलं तरी चाकांशी असलेलं यांत्रिक नातं तुटत नाही, गाडी वळते, पण कमी वेगात फार ताकद लागते. त्यामुळे तूर्त वडिलांना ही गाडी देऊ नका. कोरडा पंप फिरत राहिला की झिजतो आणि त्याचा धातूचा कीस पुढे रॅकमध्ये जातो, म्हणजे एका पाइपच्या कामाची तीन कामं होतात. तेल बेल्टवर उडतंय का, गरम एक्झॉस्टवर पडतंय का, हे आजच बघा. एक्झॉस्टवर पडत असेल तर आगीचा धोका आहे, गाडी हलवूच नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. धुऊन, वाळवून, टिश्यू लावून पाहिलं. दोन्ही बूट आतून कोरडे! स्टीअरिंग टोकाला नेल्यावर प्रेशर पाइपच्या क्रिंपवर लाल थेंब जमताना स्पष्ट दिसला आणि तिथून तो थेट रॅकवर उतरतो. एक्झॉस्ट आणि बेल्ट कोरडे आहेत. बाटलीत थोडा फेसही आहे. गाडी उभी केली आहे. क्रिंपच्या जागी पाइप कापून साधा तेलाचा पाइप क्लॅम्पने जोडता येतो असं एकाने सुचवलंय, ते करावं का?

प्रतिसाद १

नाही. प्रेशरच्या बाजूला क्लॅम्प टिकत नाही, निसटला तर सगळं तेल इंजिनच्या गरम भागांवर जाईल. मूळ पाइप घ्या किंवा हायड्रॉलिक होजवाल्याकडून त्याच टोकांवर नवा पाइप दाबून घ्या. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून तेल जातं असा बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंचे वॉशर नवे टाका, जुने दाबले गेलेले असतात. ओढीच्या पाइपची ओ-रिंगही याच वेळी बदला.

पाइप बसल्यावर हवा काढायची. पुढची चाकं वर, इंजिन बंद, बाटली भरून स्टीअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना नेत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा, मध्ये मध्ये तेल भरा. त्यानंतरच इंजिन सुरू करून पुन्हा तेच, पण टोकाला ४-५ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन बंद करून हवा वर येऊ द्या आणि मग पुढे जा. नुसता पाइप बदलल्यामुळे अलाइनमेंटची गरज नाही. पुढचे काही दिवस रोज थंड इंजिनवर पातळी बघा, ती स्थिर राहिली की गाडी वडिलांना द्यायला हरकत नाही.