मदत हवी आहे: आल्याच्या वाफ्यावरची लांब पायांची माशी

नमस्कार मंडळी. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं पाच गुंठे आलं आहे. गेल्या आठवड्यापासून पानांवर एक सडपातळ काळी माशी दिसते. मधले आणि मागचे पाय काडीसारखे लांब, पुढचे दोन आखूड. ते आखूड पाय डोक्यापुढे धरून सारखे हलवते, त्यामुळं लांबून मुंगळाच वाटतो. आईनं तर "मुंगळ्याला पंख फुटले" म्हणून मला हाक मारली! पंख पारदर्शक, त्यावर राखी ठिपके.

वाचून एवढं कळलं की हे मायक्रोपेझिडी कुळ. जवळच्या नेरिडी कुळातल्या माशांच्या मिशा लांब, पुढे रोखलेल्या असतात. हिच्या आखूड आहेत, म्हणून ते कुळ मी बाद केलं. आल्या-हळदीवरची कंदमाशी, मिमेग्राला सिरुलीफ्रॉन्स, याच कुळातली. पण नुसत्या पायांवरून जात ठरवायची माझी छाती नाही.

दोन झाडं पिवळी पडली होती. उपटली तर कंद मऊ, आत पांढरट अळ्या. आता घोळ असा, की या कुळातल्या बऱ्याच अळ्या कुजक्यावरच जगतात. मग कंद आधी कुजला की अळीनं कुजवला?

जातीपर्यंत पोचायला कशाचे फोटो काढू, पंखांच्या शिरांचे की डोक्याचे? नमुना स्पिरिटमध्ये ठेवू की टाचणीवर? अळ्या बरणीत वाढवून माशी काढलेलं कुणी असेल तर जरूर सांगा. तोवर फवारणी थांबवली आहे.