मशेरी सुटली, वजन वाढले

प्रश्न:
माझ्या आईने ३० वर्षांची मशेरीची सवय दंतवैद्यांच्या सांगण्यावरून ४ महिन्यांपूर्वी सोडली. तेव्हापासून तिचे वजन ५ किलोंनी वाढले आहे. पूर्वी सकाळी मशेरी लावली की दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नसे आणि आता दर दोन तासांनी काहीतरी खावेसे वाटते, असे ती म्हणते. ‘त्यापेक्षा मशेरीच बरी होती’ हे पालुपदही रोजचेच झाले आहे. तंबाखूचा वजनाशी खरोखर असा संबंध असतो का? एका नातेवाइकांनी भूक मारणाऱ्या गोळ्या सुचवल्या आहेत; त्या द्याव्यात का?

प्रतिसाद १:
आईंचे निरीक्षण बरोबर आहे. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिन तोंडातील त्वचेतून रक्तात उतरते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये, पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या चेतापेशींना उत्तेजित करते. शिवाय ॲड्रेनलिन वाढल्याने स्वस्थ बसलेल्या शरीराचाही ऊर्जाखर्च किंचित वाढतो. मशेरी बंद होताच हे दोन्ही परिणाम ओसरतात. सिगारेट सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वाढते, तेही बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. मशेरीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण कारण तेच. (अर्धपोटी मजुरीला जाणाऱ्या बायका मशेरी का सोडत नाहीत, हेही यावरून थोडेफार उमगते.)

प्रतिसाद २:
स्वतःच्या मनाने गोळ्या मुळीच देऊ नयेत. सिब्युट्रामिन हे भूक कमी करणारे औषध आपल्याकडेही विकले जात असे. हृदयरोग असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे दिसल्यावर २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. तरीही ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या चूर्णांत ते लपवून मिसळल्याचे आढळले आहे. वजन वाढतच राहिल्यास थायरॉईड व रक्तशर्करा तपासून घ्यावी.

प्रश्नकर्ता:
गोळ्यांचा विषय संपला. मात्र मशेरीच्या जागी चहा आला आहे: दिवसाला ६ कप, प्रत्येकात २ चमचे साखर.

प्रतिसाद १:
मग निम्मे उत्तर तेथेच आहे. साखरेच्याच सुमारे २४० कॅलरी झाल्या, दूध वेगळे. चहातील कॅफीनही उत्तेजकच, पण भुकेवर त्याचा परिणाम अल्प व तात्पुरता असतो. साखरेची भरपाई त्याने होत नाही. दोन कप ठेवून इतर वेळी तोंडात बडीशेप किंवा लवंग धरून पाहावी.