मदत हवी आहे: एका डोळ्याचं मोतीबिंदू ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं रखडलंय

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. आईला लहानपणापासून जाड चष्मा, नंबर उणे सात. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लांबचं दिसणारी मोनोफोकल (म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी) लेन्स बसवली. आता बसची पाटी लांबून वाचते, पण निवडायला घेतलेल्या तांदळातला खडा त्या डोळ्याला दिसत नाही. पूर्वी चष्मा काढून ताट जवळ धरलं की भागायचं. हे आधी कुणी नीट सांगितलं नाही, असो. पांढरं पातळ मात्र उजव्या डोळ्याला शुभ्र आणि डाव्याला पिवळट दिसतं, म्हणून एकेक डोळा मिटून कपाटातल्या साड्या बघत बसते!

खरी अडचण जिन्याची. दोन्ही नंबरांत इतका फरक, की चष्म्यातून एका डोळ्याला वस्तू मोठी, दुसऱ्याला लहान दिसते आणि पायरीचा अंदाज चुकतो. त्यात वाड्याचा अंधारा जिना. दुसरा डोळा केला की जुळेल म्हणतात, पण शुगर आटोक्यात येईपर्यंत थांबायचंय.

तोवर डाव्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स या वयात जमते का? आणि दुसऱ्या डोळ्यात मुद्दाम जवळचं दिसणारी लेन्स कुणी बसवून घेतलीये का? स्वयंपाक, वाचन, जिना यांत कसं पडतं ते सांगा.