लोडरच्या ट्रॅक्टरला मागं वजन नसेल तर तो कामाला लावूच नये

कोरडवाहू
उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तलावांतला गाळ निघायला लागतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, म्हणून हे काम आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. मोठ्या धरणावर पोकलेन असतो. लहान गावतलावावर मात्र ४०-४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पुढं लोडर, म्हणजे गाळ उचलणारी बकेट, बसवतात आणि त्यानंच ट्रॉल्या भरतात. लोडरवर हौसेनं पैसा लागतो, मागची लिंकेज (औजार जोडायचे दांडे) मात्र मोकळीच लोंबत असते. माझं मत सरळ आहे: असा ट्रॅक्टर शेतकऱ्यानं भाड्यानं घेऊच नये.

हिशेब बघा. समजा ट्रॅक्टर २००० किलोचा आहे, त्यातले १२५० मागच्या चाकांवर आणि ७५० पुढच्या. दोन एक्सलमध्ये दोन मीटर अंतर. पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढं बकेटमध्ये ५०० किलो ओला गाळ आला, तर पुढच्या चाकांवर ५०० नाही, ८७५ किलो वाढतात. वरचे ३७५ मागच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात. लोडरच्या लोखंडाचं वजन यात धरलेलंच नाही. आणि टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागचं हलकं झालं की उतारावर ब्रेक दाबून चाक नुसतं घासत जातं, ट्रॅक्टर थांबत नाही.

आता मागच्या एक्सलपासून मीटरभर मागं ४०० किलो टांगा. मागच्या चाकांवर ६०० वाढतात आणि पुढचे २०० कमी होतात. त्यामुळं पुढच्या चाकांना धरणारे स्टब एक्सल आणि हबचे बेअरिंगही जास्त टिकतात.

स्टिअरिंगवाला
भाऊ, हिशेब मस्त मांडला. पण ट्रॅक्टर कागदावर उलटते, वावरात नाही. मी लोडर चालवतो म्हून सांगतो, सारं ड्रायव्हरच्या हातात असते. बकेट खाली ठेवा, लहान गेअरात चाला, उतारावर क्लच दाबू नका, काही होत नाही. मागं वजन लटकवलं तं तलावाच्या पाळीवर वळाले जागा कुठं राहते? अन् जास्तीचं डिझेल कोण देईन? तासाचा भाव वाढवा म्हटलं की शेतकरी तोंड वाकडं करते.

कोरडवाहू
बकेट खाली ठेवून चाला, हे शंभर टक्के बरोबर. पण ट्रॉली भरायला ती डाल्याच्या वर न्यावीच लागते ना? खरा धोका तेव्हाच असतो. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधोमध एकाच पिनवर झुलतो, त्यामुळं चार चाकं दिसली तरी ट्रॅक्टर तिवईसारखा तीन पायांवर उभा असतो: दोन मागची चाकं आणि ती पिन. तिवईचा तो त्रिकोण मागं रुंद आणि पुढं निमुळता असतो. पुढं ओझं आलं की सगळा भार निमुळत्या टोकाकडं सरकतो, आणि बकेट वर गेली की भार उंचही होतो. अशा वेळी एक मागचं चाक ढेकळावर चढलं तरी पुरतं. मागचं वजन भाराला परत रुंद बाजूला आणतं. म्हणजे ते वजन जितकं ब्रेकसाठी, तितकंच ट्रॅक्टर आडवा पडू नये म्हणूनही असतं.

सरकीभाव
मला दोघांचंही अर्धंच पटतं. आमच्याकडं ‘वजन वाढवा’ म्हटलं की लोक टायरमध्ये पाणी भरतात. १३.६-२८ च्या एका टायरमध्ये पाऊण भागापर्यंत भरलं तर दोनशे लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे दोन्ही मिळून चारशे किलो. मग तोच ट्रॅक्टर जूनमध्ये पेरणीला काळ्या मातीत उतरतो. ओली काळी माती दाबली गेली की तिथं कपाशीची मुळं खाली जात नाहीत. एका हंगामाच्या गाळासाठी वावर दाबून घ्यायचं, हा कोणता हिशेब?

कोरडवाहू
टायरमधल्या पाण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि त्यात अजून एक गोम आहे. पाणी किंवा चाकाला लावलेले लोखंडी वेट थेट मागच्या एक्सलवर बसतात. त्यानं मागची पकड वाढते, भार खाली राहतो, पण पुढच्या एक्सलवरचा ताण एक किलोनंही कमी होत नाही. तो कमी करायचा तर वजन एक्सलच्या मागंच टांगायला हवं. म्हणून लिंकेजवरचं वजन चांगलं, काम झालं की काढून ठेवता येतं. सहा फुटी रोटाव्हेटर चारशे किलोच्या घरात असतोच. पीटीओचा शाफ्ट (इंजिनाची ताकद औजाराला देणारा दांडा) काढायचा आणि तोच जमिनीलगत टांगायचा.

स्टिअरिंगवाला
सहा फुटाचा रोटाव्हेटर घेऊन ट्रॉलीच्या बाजूनं मागं-पुढं करून दाखवा एकदा. ट्रॉलीचा पत्रा फाडन तो.

पांदणरस्ता
वजनाचं चालू द्या, पण उतारावर तोंड कुठं ठेवायचं हे कोणी बोललंच नाही. भरल्या बकेटचं तोंड कायम चढाकडं पाहिजे. तलावातून वर येताना सरळ या. भरून खाली जायचं असेल तर रिव्हर्समध्ये जा. आणि तलावाच्या काठाला चाक लावू नका, काठ जितका खोल तितकं तरी अंतर ठेवा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, वरून टणक वाटतं पण आतून काठ सुटलेला असतो.

स्टिअरिंगवाला
रिव्हर्समध्ये खाली उतरायचं? मान मागं वळवून दिवसभर? बाप्पा, हे पुस्तकातले नियम आहेत. काठाचं मात्र पटलं, तिथं मी बी जात नाही.

मृगबहार
वरुडहून लिहितो. इथं अजून कोणी वरच्या लोखंडी कमानीचं नाव काढलं नाही, म्हणजे सीटमागची रॉप्स. स्वीडननं नव्या ट्रॅक्टरला ती १९५९ मध्येच सक्तीची केली. उलटायचं ते उलटेल, पण कमान आणि सीटबेल्ट असेल तर माणूस खाली दबत नाही. हेही खरं की आमच्या संत्र्याच्या बागेत ती कमान फांद्यांत अडकते, म्हणून लोक काढूनच टाकतात. घडीची कमान घ्या, बागेत पाडा, बाहेर आल्यावर उभी करा. कमान पाडलेली असताना बेल्ट लावायचा नाही, नाहीतर उलटल्यावर माणूस सीटलाच अडकून राहतो.

सरकीभाव
कमानीचा खर्च मालक करणार का? ट्रॅक्टर मालकाचा आणि जीव ड्रायव्हरचा, असा मामला आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात, पण ते सातबारावरच्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. लोडरवर बसलेला पोरगा भूमिहीन असला तर त्याच्या घरच्यांना त्यातून छदामही नाही. म्हणून मी ‘ड्रायव्हर हुशार पाहिजे’ या मुद्द्यावर चिडतो. हुशारीची जबाबदारी ज्याच्यावर टाकता, त्याच्या मागं कोणीच उभं नसतं.

स्टिअरिंगवाला
हे एक बोलले. मालक म्हणते ‘जपून चालव’, अन् शेतकरी म्हणते ‘लवकर भर, तास चालू आहे’. म्हून मी म्हणतो, वजनाचं भाषण मले देऊ नका, जो तासाचे पैसे मोजते त्याले द्या.

कोरडवाहू
धागा त्याच्यासाठीच काढला आहे, तुमच्यासाठी नाही. वळायला जागा नाही, या तुमच्या मुद्द्यावर उपाय आहे. दोनशे लिटरचा जुना लोखंडी ड्रम, आतून आडवा बार टाकून दोन्ही खालच्या लिंकसाठी पिना आणि वर टॉप लिंकसाठी पट्टी वेल्डिंग करून घ्यायची, मग काँक्रीटनं भरायचा. पावणेपाचशे-पाचशे किलो होतो आणि चाकांच्या रुंदीच्या आतच राहतो. सिमेंटची दोन पोती पुरतात. रोटाव्हेटरसारखा ट्रॉलीला घासणार नाही.

स्टिअरिंगवाला
अन् मग ट्रॉली कुठं जोडू?

कोरडवाहू
लोडरच्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून भरता का? भरणारा एक आणि वाहणारे दुसरे, असंच चालतं ना सगळीकडं?

स्टिअरिंगवाला
मोठ्या कामावर चालते. आमच्या मालकाजवळ एकच ट्रॅक्टर आहे. लोडरनं भरायचं, बकेट टेकवून ठेवायची, ट्रॉली जोडून वावरात रिकामी करून यायचं. तिथं ड्रम दर खेपेले काढा-घाला, कोण करन?

पांदणरस्ता
तिथं मग दोन शेतकऱ्यांनी मिळून दुसरा ट्रॅक्टर लावावा. दर खेपेला जोडा-सोडा करण्यात जो वेळ जातो, त्याचेही तासाचेच पैसे लागतात.

स्टिअरिंगवाला
दुसरा ट्रॅक्टर तुम्ही आणा, ड्रमचं मी मालकाले बोलून पाहतो. पण सिमेंट मालक देणार नाही, हे आत्ताच सांगतो.