शीतगृहातले आंबे बाहेर काढल्यावर बेचव का होतात?

रानवारा:
पूर्ण वाढलेले पण अजून न पिकलेले, कडक आंबे ८ अंश सेल्सिअसला दोन-तीन आठवडे ठेवले. काढताना एकदम छान दिसत होते. उबेत आल्यावर सालीवर करडे डाग आणि खळगे, गर कुठे पिकलेला तर कुठे कच्चाच, आणि वास नाहीच. त्याच खोलीतली सफरचंदे मात्र उत्तम. तापमान आणखी उतरवू का?

शीतसाखळी:
उतरवू नका, चढवा. ही चिलिंग इंज्युरी, म्हणजे थंडीने झालेली इजा आहे. फळ गोठत नाही, पण पेशींच्या पटलांतला मेद घट्ट होऊन ती पाझरू लागतात आणि पिकवणारी विकरे (एन्झाइम) विस्कळीत होतात. थंडीत असेपर्यंत यातले फारसे काही दिसत नाही. म्हणून खोलीतच माल पाहून पास करण्यात अर्थ नाही. प्रत्येक लॉटमधली काही फळे २० अंशांना तीन-चार दिवस ठेवा, मग कापून बघा.

न पिकलेल्या आंब्याला १२-१३, केळीला १३-१४ अंश लागतात. सफरचंदाच्या बहुतेक जातींना ० ते १ चालते, तेव्हा ती वेगळ्या खोलीत हलवा. शिवाय त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन या पिकवणाऱ्या वायूने आंबे लवकर पिकायला लागतात, ते वेगळेच. तापमान गराचे मोजा, टोकदार प्रोब आत खुपसून. हवेचा आकडा फसवतो.

आंबटगोड:
चवीबद्दल थोडे. ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) मोजलात तर साखर बऱ्यापैकी शाबूत निघेल. जातो तो वास. सुगंधी द्रव्ये फळ पिकतानाच बनवते आणि थंडीत तेच काम मंदावते. टोमॅटो फ्रिजमध्ये फिका पडतो तोही बराचसा यामुळेच. सफरचंदात याच्या जोडीला मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडते, म्हणून जुने फळ गोड पण पुळचट लागते. खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन १ ते ३ टक्क्यांवर आणून महिनोन्‌महिने ठेवलेले फळ कडक राहते खरे, पण एस्टर ही सुगंधी द्रव्ये कमी बनतात. बाहेर काढल्यावर सुगंध काहीसा परततो, सगळा नाही. माझ्या मते नुसता कडकपणा पाहून दर्जा ठरवणे चूकच.

रानवारा:
मग सगळ्यांसाठी मधले ५ अंश धरले तर?

शीतसाखळी:
मुळीच नको. आंब्याला ते फार थंड, आणि पीचला तर तेच सर्वात घातक. साधारण २ ते ८ अंशांत पीचचा गर पिठूळ, लोकरीसारखा होतो, ० ला तो जास्त टिकतो. पेक्टिन (पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ) तोडणाऱ्या विकरांचा मेळ बिघडतो, अर्धवट तुटलेले पेक्टिन रस धरून ठेवते. रस फळात असतो, पण तोंडात उतरत नाही.

आंबटगोड:
आर्द्रता ९०-९५ टक्के ठेवा, नाहीतर साल सुरकुतते. आणि थंड पेट्या थेट दमट हवेत उघडू नका. फळांवर पाणी सुटले की बुरशीला आयतेच फावते.