यंत्राला कंट्रोल लावते, मग श्रद्धेला का नाही?

सूक्ष्मदर्शिका:
मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. सकाळचं पहिलं काम कंट्रोल लावणं. ज्याची उत्तरं आधीच ठाऊक आहेत ते सॅम्पल यंत्राने बरोबर वाचलं, तरच पेशंटच्या नळ्या आत जातात. कंट्रोल मर्यादेबाहेर गेलं की रिपोर्ट थांबले, मग डॉक्टर कितीही फोन करोत. आणि मी रोज प्रार्थनाही करते. सोबतचा सहकारी परवा म्हणाला, "यंत्राला रोज परीक्षेला बसवतेस, देवाला कधी बसवलंस?" चेष्टाच होती, पण मला उत्तर सुचलं नाही. 'श्रद्धेच्या जागी श्रद्धा, बुद्धीच्या जागी बुद्धी' हे कृपया ऐकवू नका, डोकं एकच आहे. पुराव्याशिवाय मानणं गैरच का?

तिरकी रेघ:
गैरच. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली हेच मांडलं: अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं चूक, कुणीही, कुठेही, कधीही. त्याचा जहाजमालक आठवा. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. मालकाला शंका येते, पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. जहाज बुडतं, हा विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, ते तरलं असतं तरी मालक तेवढाच दोषी.

जुनी वही:
रेघसाहेब, मालकाने शंका दाबली. पुरावा नसताना मानणं आणि पुरावा समोर असून डोळे मिटणं, हे एकच कसं? क्लिफर्डने उदाहरण दुसऱ्याचं दिलं आणि शिक्षा पहिल्यालाही ठोठावली.

७व्या शतकातला कुमारिल भट्ट इथे जास्त कामाचा. तो मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा तत्त्वज्ञ. त्याच्या मते ज्ञान मुळात प्रमाणच, म्हणजे खरंच, धरायचं. त्याला खोटं पाडणारं दुसरं ज्ञान येईपर्यंत, किंवा ज्या साधनाने ते मिळालं त्यात दोष सापडेपर्यंत. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणत, नाही, प्रामाण्य (ज्ञानाचा खरेपणा) बाहेरून तपासा. मीमांसक विचारत, मग त्या तपासणीला कोण तपासणार? ताई, कंट्रोलसोबत कंपनी जी मर्यादा छापून देते, ती तरी तुम्ही मुळापासून कुठे ठरवलीत? म्हणून मी विचारेन ते एवढंच: बाधक, म्हणजे मानलेलं खोटं पाडणारं काही, समोर आलं तर बघणार का? (कुमारिल हे सगळं वेदांसाठी लढवत होता आणि जगाचा कर्ता ईश्वर मात्र त्याला साफ नामंजूर होता. असो.)

तिरकी रेघ:
ठीक, तुमच्याच कसोटीवर खेळू. कुठलं बाधक आलं की श्रद्धा सोडायची, ते आधी लिहून ठेवा. चांगलं झालं तर कृपा, वाईट झालं तर परीक्षा, असं असेल तर बाधक येणारच कुठून? कंट्रोल नापास होऊ शकतं, म्हणून तर ते पास होण्याला किंमत.

सूक्ष्मदर्शिका:
हे लागलं. पण माझी अडचण त्याच्याही आधीची आहे. मला स्वतःला काही दिसलेलं, जाणवलेलं नाही. आजीने सांगितलं, ती खोटं बोलणारी बाई नव्हती, म्हणून मी मानते. म्हणजे तपासायचं कुणाला, देवाला की आजीला?

जुनी वही:
आजीला! (त्यांची माफी मागून.) हे तर नैयायिकांचं शब्दप्रमाण झालं, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान. न्यायसूत्रं हा त्यांचा मूळ ग्रंथ, त्यावर भाष्य लिहिणारा वात्स्यायन 'आप्त' (विश्वासार्ह सांगणारा) कुणाला म्हणतो? ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे, ज्याला लोकांविषयी कळवळा आहे, आणि जे जसं जाणलं तसंच सांगायची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो लिहितो. मग न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल अशा माणसाचं का ऐकायचं? न्यायसूत्रांचं उत्तर: आयुर्वेदाचा पडताळा इथेच येतो, त्यावरून सांगणारा आप्त ठरतो, आणि तेच त्याने सांगितलेल्या न दिसणाऱ्या गोष्टींनाही लागू.

सूक्ष्मदर्शिका:
आजीला कळवळा होता, सरळपणाही होता. साक्षात जाणलं होतं का, हे मी कधी विचारलंच नाही, आणि आता ती नाही. पण तो शेवटचा युक्तिवाद माझ्या लॅबमध्ये चालायचा नाही. ग्लुकोजचं कंट्रोल पास झालं म्हणून मी कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट सोडत नाही. प्रत्येक टेस्टचं कंट्रोल वेगळं बघावं लागतं. प्रार्थना मी करत राहीन. तीत मी काही मागत नाही, त्यामुळे खरंखोटं ठरायला तिथे विधानच नाही. 'कुणीतरी ऐकतं' हे मात्र विधान आहे, आणि ते मी आजीच्या भरवशावर धरलंय, हे सहकाऱ्याला सरळ सांगेन. वात्स्यायनाचं भाष्य मराठीत कुठे मिळेल?